सहाही घरं तपासून घ्या

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे सैन्याच्या ईएमई (विद्युत आणि यांत्रिकी) विभागातून आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर म्हणून निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षं परवानाधारक शस्त्रदुकानात दुरुस्तीच्या टेबलावर होते.

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. बावीस वर्षं तमिळनाडूत गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा केला. आता तो थोरल्याकडे सोपवून गावी आलोय आणि विट्यात सोन्याचं छोटं दुकान टाकलंय. संध्याकाळी दुकान बंद करून सात किलोमीटरवरच्या मळ्यातल्या घरी जायचं असतं. बरेच हेलपाटे घातल्यावर शस्त्र परवाना मिळाला. छर्‍याच्या बंदुकीपलीकडे आयुष्यात काही हातात धरलेलं नाही. दुकानात तीन रिव्हॉल्व्हर दाखवली. एक कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नेहमीचं, एक कानपूरचंच नवं ‘प्रबल’ आणि एक निकेल चढवलेलं जुनं विलायती. विलायतीची किंमत नव्याच्या तिप्पट. पाहुणे म्हणतात, विलायतीच घ्या, नातवापर्यंत टिकेल. पैशाचा प्रश्न नाही. माझा हात लहान आहे आणि मुशीचा चिमटा धरून धरून उजव्या अंगठ्याचा सांधा धरलाय. उत्तम दर्जाचं कोणतं समजू?

उत्तर : ‘पैशाचा प्रश्न नाही’ हे दुकानदारासमोर बोलला नसाल अशी आशा करतो. बोलला असाल तर निकेलचं हत्यार पुन्हा एकदा पुसून, मखमलीवर ठेवून तुमच्यापुढे येईल.

आधी त्या विलायतीचं बघू. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करणं जवळजवळ बंद आहे. त्यामुळे त्याआधी आलेली जी काही वेब्ली, स्मिथ अँड वेसन अशा परदेशी कंपन्यांची हत्यारं देशात आहेत, तीच या हातातून त्या हातात फिरतात. माल वाढत नाही, गिऱ्हाईक वाढतंय, म्हणून भाव चढतो. तुम्ही सोन्याच्या धंद्यातले, तुम्हाला हे मी सांगायला नको. पण एक फरक ध्यानात घ्या. सोनं जुनं झालं म्हणून झिजलेलं नसतं, आटवलं की पुन्हा सोनंच. हत्यार जुनं म्हणजे वापरलेलं, आणि त्याची झीज आटवून निघत नाही.

त्यात निकेल म्हटलं की माझा हात आधी खिशातल्या भिंगाकडे जातो. मूळ कारखान्यातलं निकेल वेगळं आणि गंजाचे खड्डे बुजवायला नंतर चढवलेलं वेगळं. ओळखायची खूण सोपी आहे. नळीवर आणि सांगाड्यावर कोरलेली अक्षरं भिंगाखाली बघा. अक्षरांच्या कडा धारदार असतील तर बरं. कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील, स्क्रूच्या खाचा रुंद आणि खरवडलेल्या दिसत असतील, तर ते हत्यार चाकावर घासून मग मुलामा दिलेलं आहे. घासताना धातू गेला, मापं गेली. एवढं बघितलंत तरी पाहुण्यांचा निम्मा युक्तिवाद तिथंच संपतो. आणि नंबर बघा. हत्यारावरचा नंबर, बिलावरचा नंबर आणि परवान्यावर चढणारा नंबर तंतोतंत एक हवा. पुसट नंबर, दुसऱ्यांदा ठोकलेला नंबर, ‘चालतंय हो’ असा नंबर, यांतलं काही दिसलं तर हत्यार खाली ठेवायचं आणि चहा न घेता बाहेर पडायचं. ओळखचिन्ह नसलेलं किंवा खोडलेलं हत्यार बाळगणं शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. ते तुम्ही खोडलं की आणखी कुणी, हे तुम्हीच सिद्ध करत बसाल.

आता दर्जा. रिव्हॉल्व्हरचा दर्जा चकाकीत नसतो, सिलिंडर जागच्या जागी थांबण्यात असतो. सहा काडतुसांची सहा घरं असतात. चाप ओढला की सिलिंडर एक घर पुढे फिरतं आणि घोडा (काडतुसावर ठोका देणारी मागची हातोडी) पडायच्या आधी ते घर नळीच्या बरोबर मागे येऊन अडकायला हवं. केसभर अलीकडे थांबलं तर गोळी नळीत शिरताना कडेला घासते, शिशाचा कीस उडतो. माझ्या टेबलावर कराडकडचे एक गृहस्थ आले होते. तक्रार अशी, की सरावाच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या मेहुण्याच्या गालाला काहीतरी टोचतं. मी सिलिंडर फिरवून बघितलं. चार घरं घड्याळासारखी. दोन घरं उशिरा. विकत घेताना त्यांनी एकच घर तपासलं होतं आणि ते नेमकं चांगल्या चौघांतलं निघालं.

म्हणून असं करा. पण त्याआधी हत्यार रिकामं आहे हे स्वतः बघायचं. दुकानदारानं उघडून दाखवलं असलं तरी तुम्ही पुन्हा उघडायचं, सहाही घरांवरून बोट फिरवायचं. हे मी पोथीतलं सांगत नाही. एकदा एक जुने, जबाबदार गिऱ्हाईक ‘रिकामं आहे’ म्हणून हत्यार माझ्यापुढे ठेवून पाणी प्यायला गेले. उघडलं तर दोन घरांत पितळ. त्यांना ते खरोखरच माहीत नव्हतं. घरी मोजायला बसले तेव्हा फोन आला होता. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर हत्याराचं तोंड वाळूच्या डब्याकडेच.

रिकामं आहे ना? मग तोंड सुरक्षित दिशेला, डाव्या हाताचं बोट सिलिंडरवर अगदी हलकं टेकवा, म्हणजे त्याला किंचित विरोध होईल. उजव्या अंगठ्यानं घोडा सावकाश मागे ओढा. घोडा मागे अडकला की सिलिंडरही अडकलेलं पाहिजे. घोडा अडकल्यानंतर सिलिंडर बोटानं ढकलून आणखी ‘टिक’ करत असेल तर ते घर उशिरा येतंय. मग घोडा अंगठ्यानं धरून हळू खाली. हे सहा वेळा. दुकानदार उसासे टाकेल, टाकू द्या. नुसता चाप दाबून फटाफट घोडा पाडत बसू नका, त्यानं फायरिंग पिनला मार बसतो. डबल अ‍ॅक्शन (घोडा आधी न ओढता नुसत्या चापानं बार काढणं) बघायचं असेल तर डमी काडतुसं मागा, बऱ्या दुकानात असतात.

दुसरं, सिलिंडरचं तोंड आणि नळीची मागची कड यांच्यामधली फट. मोटार मेकॅनिक वापरतो ते फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, ते खिशात घालून जा. साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर फट असावी. ०.२५ची पट्टी आरामात जात असेल तर नको. फट अजिबातच नसेल तर तेही वाईट, पाच-सहा बारांत काजळी धरून सिलिंडर जाम होतं. मग सिलिंडर मागे-पुढे ढकलून बघा. जाणवेल न जाणवेल इतपत हालचाल चालते, खडखड चालत नाही. शेवटी नळीत प्रकाश. मागच्या बाजूला पांढरा कागद धरायचा, त्यावर मोबाइलची बॅटरी मारायची आणि पुढून बघायचं. आतले पीळ स्वच्छ, धारदार दिसावेत. मधेच कुठे काळी गोल कडी दिसली तर तिथं कधीतरी गोळी अडकली होती आणि मागून दुसरी सोडलेली आहे. असली नळी फुकट दिली तरी घेऊ नका.

या सगळ्यातून ते विलायती पार पडलं, तर मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण मग ते तिप्पट पैसे हौसेचे, दर्जाचे नव्हेत, एवढं मनाशी कबूल करून द्या.

कानपूरची दोन. नेहमीचं जे .३२ (नळीचं माप, इंचात) आहे ते वेब्लीच्या जुन्या घाटाचं, मधोमध मोडणारं. डाव्या बाजूची कळ अंगठ्यानं दाबली की नळी पुढे कलते आणि मागचा तारा सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उचलतो. बघायला सुंदर. त्याचं मर्म घोड्यापुढच्या कडीत आहे. नळी आणि सांगाडा यांना धरून ठेवणारी तीच. मूठ एका हातात, नळी दुसऱ्या हातात घेऊन वर-खाली हलवून बघा. जरा जरी खेळ असेल तर दुसरा नग मागा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो, म्हणून ‘कुठलं मॉडेल’ यापेक्षा ‘कुठला नग’ हा प्रश्न मोठा. तुम्ही आंबे घेताना बाग विचारता, पण हात पेटीत घालताच ना?

‘प्रबल’ ऑगस्ट २०२३मध्ये बाजारात आलं. त्याचा सांगाडा अखंड आहे आणि सिलिंडर बाजूला सरकून उघडतं. आपल्याकडे बनलेल्या रिव्हॉल्व्हरांत ही तऱ्हा पहिलीच. नळी ७६ मिलिमीटर, वजन ७०० ग्रॅमच्या घरात. अखंड सांगाड्यात मोडणारा सांधाच नसल्यानं झिजायची एक जागा कमी. आर्मरर म्हणून माझा कल तिकडे. पण घेणार तुम्ही आहात आणि तुमचा अंगठा दुखरा आहे. म्हणून दोन्ही हत्यारं रिकामी करून दहा-दहा वेळा उघडा-मिटा. ज्याच्या कळीनं दहाव्या वेळी अंगठा ठणकला, ते बाद. कंपनीचं नाव, पाहुण्यांचं मत, माझं मत, सगळं त्याच्या खाली.

हात लहान आहे म्हणता. मूठ धरल्यावर हत्यार मनगटाच्या सरळ रेषेत ठेवून तर्जनीचं पेर चापावर पोचतं का बघा. त्यासाठी मूठ हातात वळवून धरावी लागत असेल तर प्रत्येक गोळी एका बाजूला जाईल आणि तुम्ही माशीला (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेला) दोष देत बसाल. सांगाड्यापेक्षा मुठीवरच्या लाकडी किंवा रबरी पट्ट्या बदलणं सोपं, हेही विचारून ठेवा. डबल अ‍ॅक्शनचा चाप आपल्याकडे जड असतो. घोडा आधी मागे ओढून घेतला की तोच चाप हलका होतो, पण त्या ओढण्याला पुन्हा अंगठा आला. माझ्या टेबलावर ‘स्प्रिंग कापून हलकं करून द्या’ म्हणणारे महिन्याला दोन तरी यायचे. स्प्रिंग कापली की चाप हलका होतो आणि घोड्याचा ठोकाही हलका होतो. काडतुसाच्या बुडावर पुसट खळगा पडतो आणि बार उडत नाही. मी एकाचीही कापली नाही. बोटाचा व्यायाम करा, ओला टॉवेल पिळा, दोन महिन्यांत फरक पडतो.

काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. हे १८९६चं काडतूस आहे, गोळी सहा ग्रॅमच्या थोडी वर, धक्का सौम्य. ‘बत्तीसमध्ये दम नाही’ असं सांगणारे भेटतील. .३८ आणि ९ एमएम ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीची मापं) आहेत, तुमच्या परवान्यावर ती येणार नाहीत, तेव्हा तो वाद पारावरच्यांना घालू द्या. नवशिक्याला सौम्य धक्का हा गुणच आहे. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं घेतलीत तर बुडावर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतील. तो कारखाना १८६९पासूनचा आहे. किती काडतुसं घेता येतील ते परवान्यावर लिहिलेलं असतं. त्यातली निम्मी सरावाला काढून ठेवा. जिल्हा रायफल असोसिएशनच्या रेंजवर परवानगी काढून, कानाला मफ लावून, कुणा जाणत्याच्या शेजारी उभं राहून. महिना-दोन महिन्यांनी एकदाही सराव होणार नसेल तर हे हत्यार घेऊच नका, खरं सांगतो. कपाटातल्या हत्याराचा उपयोग चोराला जास्त.

आणि त्या सात किलोमीटरचं. रोज एकाच वेळी, एकाच रस्त्यानं, माल घेऊन जाणाऱ्या माणसाला कमरेचं हत्यार फारसं वाचवत नाही. माल दुकानातच राहील अशी चांगली तिजोरी, गावात बँकेचा लॉकर, बदलती वेळ, सोबतीला माणूस, यांवर आधी खर्च करा. मी हत्यारांत आयुष्य काढलं म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

घरी स्वतंत्र कुलपाची पोलादी पेटी, भिंतीला बोल्टनं आवळलेली. काडतुसं दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात. परवाना तुमच्या नावाचा आहे. धाकट्यानं नुसतं ‘नेऊन ठेवलं’ तरी तो विनापरवाना. हळदीला बार काढायचा आग्रह करणारे मित्र प्रत्येक गावात असतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात केलेल्या असल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून जमा करायची नोटीस येऊ शकते. आली तर पावती घेतल्याशिवाय हत्यार हातातून सोडू नका, आणि परत घेताना पुन्हा सहाही घरं बघा. माझ्या ओळखीच्या एकाला परत मिळालं तेव्हा नळीत कोळ्याचं घर होतं.

प्रश्न : मी नाशिकला एकटी राहते, रात्रपाळीची नोकरी आहे. ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर हलकं आहे असं ऐकलं. पर्समध्ये ठेवायला तेच बरं ना?

उत्तर : ताई, ‘निर्भीक’ २०१४च्या जानेवारीत आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, .३२चंच. मरून रंगाच्या, दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत द्यायचे. त्या पेटीचा मला तेव्हा राग आला होता, अजून आहे. हत्यार काही पाडव्याची भेट नव्हे.

हलकं म्हणजे बाळगायला सोपं आणि झाडायला जरा अवघड, कारण वजनच धक्का खातं. .३२ला तो फरक सोसवेल इतका आहे. पण पर्समध्ये नको. किल्ल्या, पेन, चार्जरची वायर, सगळं चापाशी जाऊन भिडतं, पर्स हिसकावली की हत्यारही गेलं, आणि हरवल्याची तक्रार लिहायला तुम्हीच ठाण्यात. चाप पूर्ण झाकणारं, अंगाशी घट्ट बसणारं होल्स्टर नसेल तर घेऊ नका. कामाच्या ठिकाणी आत नेऊ देतात का, हेही आधी विचारा. बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, आणि मग आठ तास ते गाडीच्या डिकीत पडून राहतं. तुमचं उत्तर ‘डिकीत’ असेल तर माझं उत्तर ‘नको’. अजून परवान्याचा अर्ज केला नसेल तर नियमांप्रमाणे शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण आहे, ते आधी करून घ्या. हातात धरल्यावर नकोसं वाटलं तर तिथंच कळेल, लाखभर रुपये वाचतील.

प्रश्न : आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर त्यांच्या निधनानंतर माळ्यावर चामडी म्यानासकट सापडलं. आम्ही राजापूर तालुक्यातले. गंज चढलाय. खोबरेल लावून ठेवलंय. ते माझ्या नावावर करून वापरावं की विकून नवं घ्यावं?

उत्तर : खोबरेल पुसा, पण घरी नव्हे. पुसायच्या आधी ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्या. परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवायची मुभा नसते, वारस असलात तरी. आजोबांचा मूळ परवाना शोधा, तो नसेल तर निदान त्याचा नंबर. मग वारस म्हणून तुमच्या नावाचा अर्ज. बोअर काय आहे ते दुकानदाराला नळीवर वाचायला सांगा. .३२ असेल तर जिल्ह्यात काम होतं. .३८ किंवा .४५५ असेल तर प्रतिबंधित बोअरमध्ये येतं आणि तो परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून. परवाना झाल्यावर दुसऱ्या परवानाधारकाला खासगीत विकायचं ठरलं तर परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं.

वापरावं का, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण कोकणातला पाऊस आणि चामडी म्यान ही जोडी मला माहीत आहे. चामडं दमट हवा शोषून धरतं. त्यात कमावण्याची रसायनं असतात. चार पावसाळ्यांत पितळी बटणाभोवती हिरवा थर आणि पोलादावर बटणाच्याच आकाराचा खड्डा. खोबरेल कालांतरानं आत गोंदासारखं घट्ट होतं आणि चापाची सगळी यंत्रणा चिकटवून टाकतं. कारागीर ते सोडवेल, तुम्ही स्क्रू ड्रायव्हर लावू नका. वेब्लीचे स्क्रू नेहमीच्या मापाचे नसतात, खाचा तुटतात.

नावावर होऊन घरी आलं की फ्लानेलची चिंधी, बंदुकीचं तेल दोन थेंब, तेही पुसून काढलेलं, आणि म्यान वेगळं. जून ते सप्टेंबर दर रविवारी एकदा उघडून बघायचं.